मंडळाची घटना लिहिताना अध्यक्षाचा हात कुठे थांबतो ते आधी ठरवा

कोकणात वाडीगणिक एक मंडळ आहे. ग्रामविकास मंडळ, देवस्थानची समिती, मुंबईतल्या चाकरमान्यांचे मंडळ, वाचनालय. बहुतेकांकडे 'घटना' म्हणून सात-आठ पाने असतात आणि ती नोंदणीच्या घाईत दुसऱ्या कुठल्या मंडळाच्या घटनेवरून, नाव बदलून, उतरवलेली असतात. अध्यक्षाने काय काय करावे हे त्यांत सविस्तर असते. काय करू नये, आणि केलेच तर कोणी अडवायचे, हे मात्र नसते. जीर्णोद्धाराचा निधी, सभामंडपाचा ठेका किंवा पालखीचा मान यावरून वाद पेटला की ती पाने उघडून उपयोग होत नाही, कारण नेमक्या त्या प्रश्नाचे उत्तर कोणी लिहिलेलेच नसते.

हा प्रश्न जुना आहे. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंताला, पत्र लिहिले. गावोगाव फिरून कुळांना बैल, बी-बियाणे द्यावे, वसुली बेताबेताने करावी आणि रयतेच्या भाजीच्या देठालाही मन लावू नये, असा त्याचा आशय आहे. सत्तेला मर्यादा हवी हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे कोकणातले दुसरे पत्र सापडणे कठीण. पण ती मर्यादा घालणारा राजा होता आणि पाळली जाते की नाही हे पाहणाराही राजाच. सुभेदार चुकला तर रयतेने स्वतः काय करावे, याची सोय त्यात नव्हती. पुढे इंग्रजी अमलात खोतीचा कायदा १८८० मध्ये झाला, गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदार खोताने कुळाकडून काय घ्यावे याचे नियम आले, तरी कुळाची पिळवणूक थांबली नाही. नियम होते, पण ते बजावून घेण्याची ताकद कुळाच्या हाती नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

म्हणून घटनेचे प्रत्येक कलम लिहून झाले की त्याच्यापुढे एक प्रश्न लिहा: हे पाळले नाही तर कोण, किती दिवसांत, काय करील? उत्तर देता आले नाही तर ते कलम अजून लिहून झालेले नाही.

पहिली बैठक

मसुदा समिती पाच ते सात जणांची ठेवा. त्यांत मागच्या निवडणुकीत हरलेल्या गटाचा निदान एक आणि मुंबईकरांपैकी एक माणूस असू द्या. जिंकलेल्यांनीच नियम लिहिले तर ते आपण कायम जिंकणार असे धरून लिहितात.

मोठ्या कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात अधिकार लिहा: पैसे खर्च करणे, सभा बोलावणे, सभासद घेणे आणि काढणे, जागा भाड्याने देणे, करार करणे, मंदिराच्या किंवा कार्यालयाच्या किल्ल्या ठेवणे. दुसऱ्यात तो किती प्रमाणात आणि किती काळ. तिसऱ्यात कोणाला विचारून. चौथ्यात वरचा प्रश्न. पहिले तीन रकाने एका संध्याकाळी भरतात. चौथ्याला दोन-तीन बैठका लागतात. तेवढा वेळ द्याच, कारण सगळी घटना त्या चौथ्या रकान्यात आहे.

पैसा

इंग्लंडच्या जॉन राजाकडून सरदारांनी १५ जून १२१५ रोजी रनीमीडच्या कुरणात मॅग्ना कार्टा ही सनद मान्य करून घेतली. तिच्या १२ व्या कलमात, ठरावीक प्रसंग सोडले तर राज्याच्या सल्ल्याशिवाय राजाने पट्टी बसवू नये, असे होते. आपल्या संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदात तेच तत्त्व आहे. कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही.

हे तत्त्व कसे पोखरले जाते तेही पाहून ठेवा. युद्धाच्या वेळी इंग्लंडच्या बंदरांनी राजाला जहाजे किंवा त्याबदली पैसे द्यावेत, अशी जुनी रीत होती. पहिल्या चार्ल्सने १६३४ मध्ये ती पट्टी शांततेच्या काळात किनाऱ्यावर लावली आणि पुढच्या वर्षी समुद्र कधी न पाहिलेल्या परगण्यांवरही. जॉन हॅम्पडनने आपल्या वाट्याचे २० शिलिंग द्यायला नकार दिला. १६३८ मध्ये न्यायाधीशांनी ७ विरुद्ध ५ असा राजाच्या बाजूने कौल दिला आणि पट्टी बेकायदा ठरायला १६४१ साल उजाडले. एका कामासाठी मान्य असलेली वर्गणी हळूच दुसऱ्या कामाला वळवणे, हा प्रकार आपल्याकडेही ओळखीचा आहे. शिमग्याची पट्टी गोळा होते, उरलेले पैसे कमानीला जातात, पुढच्या वर्षी कमानीसाठीच पट्टी वाढते आणि कमान कोणी मंजूर केली हे इतिवृत्तात सापडत नाही.

यावर कलमे अशी लिहा.

वर्गणीचा दर फक्त सर्वसाधारण सभा ठरवील. ज्या कामासाठी पैसे घेतले त्याच कामावर ते खर्च होतील. उरले तर ते कुठे वळवायचे याचा स्वतंत्र ठराव सभेत होईल, कार्यकारिणीत नाही.

खर्चाच्या पायऱ्या आकड्यांत लिहा. मध्यम आकाराच्या मंडळाला सचिवाच्या हाती एका वेळी २,००० रुपये, कार्यकारिणीच्या हाती एका कामावर २५,००० रुपये आणि त्यापुढे सर्वसाधारण सभा, एवढे पुरते. मोठ्या देवस्थानाने आकडे वाढवावेत, पायऱ्या कमी करू नयेत. एका कामाचे तुकडे पाडून मर्यादेखाली बसवण्याची युक्ती हमखास होते, म्हणून "एकाच कामाची सर्व देयके मिळून एक खर्च धरला जाईल" हे वाक्य विसरू नका.

बँकेचे खाते मंडळाच्या नावाचे. तिघांना सहीचा अधिकार, त्यांतल्या कोणत्याही दोघांच्या सह्या आवश्यक, आणि तिघांपैकी कोणीही दोघे एका घरातले नसावेत. वर्गणीचा क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या मोबाइलवर पैसे घेतले की ते मंडळाचे की घरचे, हा वाद हिशेबाने कधीच सुटत नाही. पावतीपुस्तकांना छापील क्रमांक असू द्या, आणि कोणते पुस्तक कोणाला कधी दिले आणि परत कधी आले याची वेगळी वही ठेवा. न परतलेले पुस्तक म्हणजे न दिलेला हिशेब.

मंजुरीला मुदत घाला. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६८९ पासून राजाला शांततेच्या काळात फौज ठेवण्याची परवानगी कायमची दिली नाही. ती आधी काही महिन्यांपुरती आणि पुढे साधारण वर्षावर्षाने दिली. त्यामुळे राजाला पार्लमेंट बोलावणे भागच पडू लागले. आपल्या घटनेत तीच कळ अशी बसते:

"खर्चाची मंजुरी ३१ मार्चला आपोआप संपेल. नवे अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेत मंजूर होईपर्यंत वीजबिल, दिवाबत्ती, गुरवांचे मानधन आणि आधी ठरलेली देणी एवढाच खर्च करता येईल."

हे एक कलम असले की सभा टाळणाऱ्या कार्यकारिणीलाच सभेची घाई होते.

हिशेब तपासनीस सर्वसाधारण सभेने नेमावा आणि तिनेच काढावा. इंग्लंडमध्ये १७०१ च्या कायद्याने न्यायाधीशांना राजाच्या मर्जीवरून हलवणे बंद केले. आपल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनाही सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच, संसदेच्या दोन्ही सभागृहांमार्फतच दूर करता येते. ज्याचा हिशेब तपासायचा त्यानेच तपासनीस बदलायचा, ही वाट तुमच्या घटनेतही बंद करा.

सभा कोण बोलावणार

मॅग्ना कार्टाच्या १४ व्या कलमात सभेची नोटीस कशी द्यायची ते इतके नेमके लिहिले आहे की आजही जवळजवळ तसेच उतरवता येते. मोठ्या सरदारांना वैयक्तिक पत्रे, बाकीच्यांना अधिकाऱ्यांमार्फत एकत्र बोलावणे, निदान ४० दिवस आधी, ठरलेली तारीख, ठरलेली जागा, पत्रात सभेचे कारण, आणि सगळे आले नाहीत तरी आलेल्यांच्या सल्ल्याने काम चालेल. पुढच्याच वर्षी सनद पुन्हा निघाली तेव्हा १२ वे आणि १४ वे ही दोन्ही कलमे वगळली गेली. राजाच्या बाजूला सर्वांत जास्त काय बोचत होते ते यावरून कळते.

आपल्याकडे २१ दिवस पुरे. नोटीस मंदिराच्या किंवा वाचनालयाच्या फलकावर, मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी सहीनिशी. विषय नेमके लिहा. "आयत्या वेळचे विषय" या शीर्षकाखाली पैसा, जागा, सभासदत्व आणि घटनादुरुस्ती यांवर निर्णय होणार नाही, असे स्पष्ट घाला. सर्वांत वाईट ठराव याच शीर्षकाखाली होतात.

वार्षिक सभा मे महिन्यात ठेवा. ३१ मार्चला हिशेब बंद होतो, एप्रिलमध्ये तपासणी होते, मेमध्ये चाकरमानी गावात असतात आणि पाऊस लागलेला नसतो. दुसरी सभा गणपतीत. जुलैत लावणीच्या दिवसांत ठेवलेली सभा म्हणजे माणसे येऊ नयेत म्हणून ठेवलेली सभा. नियमानुसार ती वैध ठरते, म्हणून महिनाच घटनेत लिहा.

गणपूर्ती एकूण सभासदांच्या एकपंचमांश. ती झाली नाही तर अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा, हा नेहमीचा नियम ठीक आहे. मात्र जागेचा व्यवहार, सभासदाला काढणे आणि घटनादुरुस्ती या तीन गोष्टींना तहकूब सभेतही गणपूर्ती लागेल असे लिहा. नाहीतर रिकाम्या सभागृहात नऊ माणसे गावाची जमीन देऊन मोकळी होतात.

आता खरा प्रश्न. अध्यक्षाने सभाच बोलावली नाही तर? पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून ११ वर्षे पार्लमेंट बोलावले नव्हते. म्हणून १६४१ च्या कायद्यात, तीन वर्षांत पार्लमेंट भरलेच पाहिजे, एवढ्यावर न थांबता पुढची साखळी लिहिली गेली. राजाने बोलावले नाही तर चॅन्सेलरने, त्याने टाळले तर १२ उमरावांनी, त्यांनीही टाळले तर परगण्यांच्या शेरीफांनी, आणि तेही चुकले तर मतदारांनी स्वतः जमून प्रतिनिधी निवडावेत. १६६४ मध्ये तीन वर्षांचा नियम ठेवून ही साखळी तेवढी काढून टाकली. परिणाम असा झाला की दुसऱ्या चार्ल्सने १६८१ मध्ये पार्लमेंट विसर्जित केले आणि १६८५ मध्ये मरेपर्यंत पुन्हा बोलावलेच नाही. नियम तसाच होता, अडवणारे कोणी उरले नव्हते. आमच्या मते घटना लिहिणाऱ्याने इतिहासातली एकच गोष्ट पाठ करायची तर ही करावी.

तुमची साखळी अशी लिहा: "१० मेपर्यंत वार्षिक सभेची नोटीस निघाली नाही तर सचिव ती काढील. २२ मेपर्यंत त्यानेही काढली नाही तर एकदशांश सभासद आपल्या सह्यांनी नोटीस काढतील, आणि ती सभा अध्यक्षाने बोलावल्याइतकीच वैध असेल." अशा सभेला नोटिशीची मुदत ७ दिवस ठेवा. सभासदांची यादी फक्त सचिवाकडे असेल तर हे कलम कोलमडते, कारण सह्या करणारे एकदशांश आहेत की नाहीत हे ठरवणार कोण? यादीची एक प्रत तपासनीसाकडे राहील असे त्याच कलमात जोडा.

शिक्षा

कोकणातल्या गावकीचा हा दुखरा भाग आहे. वाळीत टाकणे, पाणवठा तोडणे, लग्नाला किंवा मयताला जाऊ नये म्हणून फर्मान काढणे, दंड भरल्याशिवाय पालखी घरी न नेणे. महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने, २०१६ च्या, हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा असे कोणतेही कलम, कोणत्याही सौम्य नावाखाली, घटनेत येता कामा नये. जुन्या नियमावलीत असेल तर ते काढण्याचा ठराव पहिल्याच सभेत करा.

मग मंडळाला शिस्त कशी लावता येईल? मॅग्ना कार्टाचे ३९ वे कलम सांगते की, बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कोणा मुक्त माणसाला पकडता, लुबाडता, हद्दपार करता येणार नाही. 'मुक्त' हा शब्द नीट पाहा. इंग्लंडमधली वेठबिगार कुळे त्या शब्दाबाहेर होती. तुमच्या घटनेत 'सभासद' म्हणजे कोण हे लिहिताना वाडीतले कोणते घर, कोणती जात, कुटुंबातली कोणती बाई त्या शब्दाबाहेर राहते ते मोजून पाहा. कुटुंबाला एक मत ठेवले की बायका बाहेर पडतात. १८ वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीला एक मत ठेवा.

१६१० मध्ये एडवर्ड कोक या न्यायाधीशापुढे लंडनच्या वैद्यसभेचे प्रकरण आले. या सभेने डॉ. बॉनहॅमला परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल दंड करून कोठडीत टाकले होते. सभा स्वतःच आरोप करणार, स्वतःच निवाडा देणार आणि दंडाचा अर्धा वाटाही स्वतःच घेणार. कोणी आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, असे कोकने म्हटले. गावकीच्या दंडाचे पैसे गावकीच्याच पेटीत जातात तेव्हा नेमके हेच घडते.

त्यामुळे मंडळाने आर्थिक दंड ठेवूच नये. जास्तीत जास्त शिक्षा पद काढून घेणे किंवा दोन वर्षांपर्यंत मतदानाचा हक्क स्थगित करणे. आरोप लेखी, उत्तराला १५ दिवस, तोंडी म्हणणे मांडण्याची संधी, निर्णय कारणांसह लेखी, ४० दिवसांच्या आत. निवाडा देणारे तिघे कार्यकारिणीबाहेरचे: एक आरोप करणाऱ्याने सुचवलेला, एक आरोप असलेल्याने, आणि तिसरा सभासदांच्या यादीतून चिठ्ठीने. तिसरा महत्त्वाचा. मॅग्ना कार्टाच्या ६१ व्या कलमात राजावर लक्ष ठेवायला २५ सरदार नेमले होते. राजाने ४० दिवसांत चूक सुधारली नाही तर त्यांनी त्याचे किल्ले, जमिनी जप्त कराव्यात. ते सगळे एकाच बाजूचे होते, त्यामुळे कलम वापरणे म्हणजे लढाईच. पोपने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सनद रद्द ठरवली आणि लढाई झालीही. लक्ष ठेवणारा विरोधी गटातला असून भागत नाही, तो तिऱ्हाईत हवा.

मत कसे घ्यायचे

यासाठी लांब जायला नको. महाडजवळ गांधारपाल्याची आणि दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची लेणी आहेत. अशा विहारांत राहणाऱ्या भिक्षूंच्या संघाला सभेचे पक्के नियम होते. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याची आठवण करून दिली होती. विनयाच्या, म्हणजे संघाच्या शिस्तीच्या, नियमांत साध्या कामाला चौघांची गणपूर्ती आहे, आणि निलंबित भिक्षूला पुन्हा सामावून घ्यायला २० जणांची. महत्त्वाचा ठराव एकदा मांडून तीन वेळा पुकारायचा. मतभेद असेल तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मोजणी. काड्या गोळा करणारा भिक्षू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांपासून दूर असलेला निवडायचा.

तुमच्यासाठी एवढे उतरवा: निवडणूक आणि शिस्तीचे प्रश्न गुप्त चिठ्ठीने, बाकीचे हात वर करून, आणि मोजणारे दोघे उमेदवार नसलेले. "सर्वानुमते मंजूर" असे इतिवृत्तात लिहिण्याची सवय सोडा. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे आकडेच लिहा.

उमेदवारीच्या अटीसाठी तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरचा इ.स. ९२० च्या सुमाराचा शिलालेख पाहा. आधी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही तो आणि त्याचे जवळचे नातेवाईक यांना निवडीतून बाद केले होते, आणि गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेल्यालाही. सलग दोन मुदतींनंतर एक मुदत विश्रांती, आणि हिशेब बाकी असेपर्यंत उमेदवारी नाही, एवढे आज पुरे. नातेवाइकांना बाद करू नका, आपल्या वाडीत तेवढी माणसे उरणार नाहीत.

घटना बदलणे अवघड ठेवा

महाडच्या नगरपालिकेने मुंबई विधिमंडळाच्या १९२३ च्या ठरावाला धरून १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. तो हक्क बजावायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसे तळ्यावर गेली, आणि परतताना त्यांना मारहाण झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयातला शेवटचा निकाल तळे खुले ठेवण्याच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. ज्या सभेने हक्क दिला तिलाच तो साध्या बहुमताने काढता आला, हे यातले घटनात्मक दुखणे.

म्हणून घटनेची कलमे दोन गटांत वाटा. सभेची वेळ, पदांची नावे, वर्गणीची तारीख हे उपनियम, साध्या बहुमताने बदलणारे. मताधिकार, पैशाच्या पायऱ्या, सभेची साखळी आणि शिस्तीची पद्धत ही मूळ कलमे. यांना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या १२ व्या कलमातली पद्धत लावा. तो कायदा ती संस्थेचे उद्देश बदलण्यासाठी सांगतो: दहा दिवसांची नोटीस, विशेष सभेत तीनपंचमांश मते आणि महिन्याभराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीनपंचमांश. मधला महिना रागाला निवायला लागतो.

नोंदणीचे थोडक्यात: १८६० च्या कायद्याखाली निदान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्या. तो राहिला की जुनेच विश्वस्त नोंदीत राहतात आणि बँक नव्यांच्या सह्या घेत नाही. स्थावर मिळकत विकणे, बक्षीस देणे, शेतजमीन १० वर्षांहून किंवा इमारत आणि बिगरशेती जागा ३ वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने देणे, यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आपल्या घटनेत हे पुन्हा लिहून ठेवा, म्हणजे सभेत कोणी 'माहीत नव्हते' म्हणणार नाही.

मंजूर झालेल्या घटनेची छापील प्रत देवळात किंवा वाचनालयात, एक मुंबई शाखेकडे, एक तपासनीसाकडे, आणि पीडीएफ सगळ्यांच्या फोनवर. इंग्लंडमध्ये १२९७ मध्ये मॅग्ना कार्टाच्या प्रती मोठ्या चर्चमध्ये ठेवून वर्षातून दोनदा लोकांपुढे वाचण्याचा हुकूम निघाला होता. मे महिन्यातल्या आणि गणपतीतल्या सभेत पैशाची, सभेच्या साखळीची आणि शिस्तीची कलमे मोठ्याने वाचा. वाचन वीस मिनिटांत आटोपले पाहिजे. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर उरलेला मजकूर उपनियमांत हलवा.